व्हरांड्यातल्या दोन खाटा

मी नागपुरात मिशनच्या शाळेत मास्तरीण होण्याचं शिक्षण घेत होते, तेव्हा माझ्या पाठीच्या कण्याला क्षय झाला. आधी पाठ नुसती दुखायची. आई तेल चोळायची आणि वाकून वाचत बसू नकोस म्हणायची. मग एका सकाळी शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिले आणि पायांनी मला पेललंच नाही. बायकांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला फळीच्या खाटेवर उताणं झोपवलं आणि छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये बांधून टाकलं. किती दिवस, असं मी विचारलं. हाडाला घाई कळत नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

या दुखण्याला मोकळी हवा लागते म्हणून माझी खाट दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात होती. तिथून मला कौलांची खालची बाजू दिसायची आणि मान तिरपी केली तर कडुनिंबाचा शेंडा. बाकीचं जग मी कानांनीच ओळखायची.

माझे बाबा मिशनमध्ये उपदेशक होते. गावोगाव फिरून शुभवर्तमान सांगायचं आणि दुःखात असलेल्यांना धीर द्यायचा, हेच त्यांचं काम. ते रोज संध्याकाळी यायचे, शास्त्रातला एखादा अध्याय वाचायचे, प्रार्थना करायचे. मला कूस बदलून पाठ फिरवता येत नव्हती, म्हणून मी डोळे मिटून घ्यायची. देव आपल्या लेकरांची परीक्षा घेतो, असं ते एकदा म्हणाले, तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही.

"बाबा, मी काय केलं होतं?"

त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "काहीच नाही केलंस तू, बेटा. हे का झालं, ते मला माहीत नाही."

इतक्या जणांना धीर देणाऱ्या माणसाला हे म्हणणं किती जड गेलं असेल, ते आता कळतं. पण त्या आजारात मला मिळालेला पहिला दिलासा तो होता. त्यानंतर बाबांनी मला उपदेश केला नाही. ते स्टुलावर बसून संत्री सोलायचे, दोरे काढून एकेक फोड माझ्या तोंडात घालायचे, आणि जाताना माझ्या कपाळावर हात ठेवून मनातल्या मनात प्रार्थना करायचे. मीही डोळे मिटायचं सोडून दिलं.

थंडी सरत आली तेव्हा शेजारच्या खाटेवर उमरेडची एक कोष्टीण आली. सुताला लावायची खळ चुलीवर उकळत असताना भांडं कलंडलं आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. गावात लेप लावून पाहिले, पण जखमा चिघळल्या, तेव्हा नवऱ्यानं तिला छोट्या गाडीनं, म्हणजे अरुंद रुळांच्या आगगाडीनं, नागपूरला आणलं. घरी माग होता आणि हाताशी आलेली एक मुलगी होती. तिला सोडून नवऱ्याला थांबता येईना. दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेली ती बाई खाटेच्या कडेला बसून राहायची. दाई भरवायला यायची, पण तिला बाकीच्या खाटाही पाहायच्या असत, आणि हिचं जेवण थंड होऊन जायचं.

दोन दिवस तिनं हे सोसलं. तिसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पोरी, तुये हात चांगले हायेत, माहे पाय चांगले हायेत. दोघी मिळून एक धडधाकट बाई होते."

मला हसू आलं. प्लास्टरमध्ये हसताना दुखतं, तरी आलं. तिनं पायानं स्टूल ओढलं, दाईकडून ताट माझ्या छातीवरच्या प्लास्टरवर ठेवून घेतलं, आणि मी पडल्यापडल्या तिला भाजी-भाकरीचे घास भरवले. अर्धं अन्न माझ्या गळ्यावर सांडलं. पुढे हात बसला. मग मी तिची वेणीही घालू लागले. ती खाली जमिनीवर बसून डोकं माझ्या हाताशी टेकवायची. बदल्यात ती दवाखानाभर फिरून मला बातम्या आणायची: कोणाला मुलगा झाला, कोणाची सासू भांडून गेली, विहिरीवर आज कोणती पाखरं आली. मी तिला मावशी म्हणू लागले.

ती आपल्या देवांची होती आणि शेवटपर्यंत आपल्या देवांचीच राहिली. पण गोष्टी तिला फार आवडत. दुपारी ऊन चढलं, दारांना वाळ्याच्या ताट्या लागल्या, की ती मला काही वाचायला सांगायची. ईस्टरच्या सुमारास मी तिला पुनरुत्थानाची गोष्ट वाचून दाखवली. येशू मेलेल्यांतून उठला, मित्रांसमोर येऊन उभा राहिला, आणि ज्या एकाला विश्वास बसेना त्याला त्यानं आपल्या हातांतल्या खिळ्यांच्या खुणा दाखवल्या.

मावशी विचारात पडली. "मरून जित्ता झाला, येवढी ताकद त्याच्यात. मंग हातचे भोकं काहून ठेवले त्यानं? बुजवून नसते टाकले?"

उपदेशकाची मुलगी असून ही गोष्ट मी कान बंद करून ऐकत आले होते. मी सुचेल तसं म्हणाले, "आपल्या माणसांनी ओळखावं म्हणून असेल."

ती आपल्या पट्ट्यांकडे पाहत म्हणाली, "हो वं. नव्या हातायले कोन ओळखते?"

त्या दुपारी मी खूप रडले, पण दुःखानं नाही. तोवर मी एकाच गोष्टीची वाट पाहत होते, की माझी जुनी पाठ परत मिळावी आणि हा सगळा काळ जणू झालाच नाही असं व्हावं. आता वाटलं, ज्यानं स्वतःचे व्रण पुसले नाहीत, तो माझेही पुसणार नाही. ते तसेच राहू देऊन मला उठवील. का, हा प्रश्न तसाच राहिला. पण या दुखण्यात मी एकटी पडले आहे, असं पुन्हा कधी वाटलं नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आत मावशी घरी गेली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटूनच राहिली. माझं प्लास्टर त्यानंतर बऱ्याच काळानं निघालं. पाठीत बाक राहिला, आणि पुढे कितीतरी दिवस मी पोलादी पट्ट्यांचा पट्टा बांधून चालले.

तिच्या मुलीच्या लग्नाला मी आणि बाबा छोट्या गाडीनं उमरेडला गेलो. मावशी चिकटलेल्या बोटांनीच सुताच्या कांड्या भरत होती आणि मागावर आता मुलगी बसत होती. शेजारणी माझ्या बाकाकडे पाहत होत्या. मावशीनं मला सगळ्यांच्या मध्ये पाटावर बसवलं आणि सांगितलं, "इनंच भरवलं मले. हे नसती त मी उपाशी राह्यली असती." ते खरं नव्हतं, दाई होतीच. पण मी मान डोलावली.

पुढे मी मास्तरीण झाले. आमच्याच ख्रिस्ती मंडळीतल्या एका कंपाउंडरशी माझं लग्न झालं. त्यांनी माझ्या पाठीविषयी एकदाच विचारलं, ते म्हणजे रात्री उशी कुठे ठेवली की बरं वाटतं. रविवारी उपासना झाली की मी दवाखान्यात जाते. सोबत कंगवा आणि तेलाची बाटली असते. खाटेवर पडलेल्या बाईला उपदेश नको असतो, पण केसांचा गुंता कोणी सोडवला तर तिला बरं वाटतं. कोणी विचारलंच तर मी माझी गोष्ट सांगते. नाही विचारलं तर वेणी घालून, रिबीन बांधून पुढच्या खाटेकडे जाते. घरी पोचेपर्यंत पाठ चांगलीच दुखते. मग नवरा चहा करतो, आणि आम्ही ओट्यावर बसून तो पितो.