भागोजींनी घातलेला पडदा

भागोजी गोताड रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे शिपाई होते. सव्वीस वर्षं त्यांनी काचा धुतल्या, बेडूक मोजून दिले आणि मुलांना सूक्ष्मदर्शकासमोर रांगेत उभं केलं. "लायनीत ऱ्हावा, सगल्यांना दिसंल," हे त्यांचं पालुपद. स्वतः मात्र मुलं गेल्यावर, सगळ्यांत शेवटी डोळा लावायचे. पावसाळ्यात रजा काढून गावी आंब्याची कलमं बांधायला जात, आणि त्यांच्या हातचं कलम फुकट गेलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मी विभागप्रमुख होते आणि माझा स्वभाव तापट, हे आधीच सांगून टाकते.

१९८७ची दिवाळी झाली आणि कोंबडीच्या गर्भाचं प्रात्यक्षिक सुरू झालं. दोन दिवस उबवलेल्या अंड्यात गर्भ जेमतेम नखाएवढा असतो. मधोमध पाठीच्या मज्जारज्जूची नळी आणि तिच्या दोन्ही अंगांना पेशींच्या बारीक गाठी, जोडीजोडीने. या पेशींचं अजून काहीच ठरलेलं नसतं. पुढे त्यांतल्याच काहींचे पाठीचे स्नायू होतात.

मुलं गेल्यावर भागोजींनी विचारलं, "बाई, ह्यांना कोन सांगतं, तुमी मास व्हा म्हनून?"

मी पुस्तकातलं सांगितलं. शेजारच्या नळीकडून कसलातरी सांगावा येतो. तो पेशीला पोचला की आत एक रेणू दुसऱ्याला कळवतो, दुसरा तिसऱ्याला, असं करत सांगावा पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो आणि पेशी स्नायू व्हायला लागते. सांगावा नेमका कोणता, ते अजून कुणालाच ठाऊक नाही.

"मंग मधी पडदा घालून बगू या. कलमात खालचा खुंट नि वरच्या काडीच्या मधी कचरा ऱ्हायला, तर रस पोचत नाय. तसंच."

"हे परदेशात करतात, भागोजी. आपल्याकडे नाही जमत," मी फटकारलं. त्यांचा चेहरा पडला. ३१ मार्चला ते निवृत्त होणार होते आणि त्याआधी त्यांना या एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. मी कुरकुरतच होकार दिला.

फेब्रुवारीत चौदा अंडी घेतली. भागोजींनी प्रत्येकाच्या कवचाला खिडकी पाडली, भिंगातून बघत नळी आणि गाठींच्या मध्ये, एकाच अंगाला, सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाचा कुसळाएवढा तुकडा सरकवला.   तीन दिवसांनी अंडी उघडली तर चौदाच्या चौदा कुजलेली, घाण वास पार जिन्यापर्यंत.

"खिडकी कशाने बुजवलीत?"

"शेनमातीनं. आमचा बापूस भेटकलमाला लावायचा, तशीच."

"अहो, अंडं कवचातून श्वास घेतं! आणि शेण?" मी एवढी ओरडले की ऑफिसातला क्लार्क डोकावून गेला.  दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा टेबलावर नऊ ताजी गावठी अंडी होती, शेजारी खिडक्या बुजवायला पातळ काचा आणि मेणाचा तुकडा. राग होता तरी मला हसू आलं.

या खेपेला त्यांनी आणखी एक ठरवलं. तीन अंड्यांत नुसती चीर द्यायची, पडदा घालायचा नाही. "नायतर म्हनाल, पात्यानंच मेलं." हे खरं तर मला सुचायला हवं होतं.

नवांतली चार जगली, तीन पडद्याची आणि एक नुसत्या चिरेचं. गर्भ काढायचे, मेणात बसवायचे, पातळ काप घ्यायचे, यात मार्च सरला.

एकतीस तारखेला हॉलमध्ये शाल झाली, नारळ झाला, प्राचार्यांचं भाषण रंगात आलं. तेवढ्यात भागोजी हार घातलेलेच उठले. "कापांच्या काचा रंगात हायत. जास्त ऱ्हायल्या तर काळ्या पडतील," म्हणाले आणि निघून गेले. प्राचार्य तोंड उघडं टाकून बघत राहिले.

थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरून आरोळी आली. "बाई! पोचला नाय! सांगावा पोचला नाय!"

अख्खा हॉल जिना चढला. मी सवयीने पुढे घुसले, तर भागोजींनी हात आडवा धरला. "बाई, लायनीत ऱ्हावा. सगल्यांना दिसंल."

मी सातवी होते. पुढे प्राचार्य, मग क्लार्क, मग वनस्पतिशास्त्रवाले. माझी पाळी आली तेव्हा भिंगाखाली नळीच्या उजव्या अंगाला स्नायूंचे तंतू गच्च भरलेले दिसले. डाव्या अंगाला पडदा काढून घेतल्याची फट, आणि फटीपलीकडे स्नायूचा मागमूस नाही. पडद्याच्या उरलेल्या दोन अंड्यांत तेच. नुसत्या चिरेच्या अंड्यात मात्र दोन्ही अंगं सारखी भरलेली.

तीन अंड्यांनी शास्त्र बदलत नाही, हे मला कळत होतं. तरीही मी सगळ्यांदेखत रडले, आनंदाने. भागोजी हार सावरत हसत होते. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सगळ्यांच्या आधी बघितलं होतं.