तीन फेऱ्या बाकी

दुपारचं जेवण झालं की सर्जेराव इंगवले आपल्या गॅरेजातल्या बाकड्यावर पाठ टेकतो आणि दोन मिनिटांत घोरायला लागतो. आज मात्र डोळा नीट लागत नाही, कारण छातीवर पाटी आहे. धोंडीराम मिस्त्रीचं तेरावं झालं आणि त्याच्या पत्नी वैजयंतावहिनी ती आणून देऊन गेल्या. एकोणीस वर्षं भिंतीकडे तोंड करून टांगलेली होती म्हणे, आणि पुसायची नाही अशी त्याची ताकीद होती. पाटीवर खडूने काढलेला तीनचा आकडा आहे.

तो आकडा सर्जेराव जन्मात विसरणार नाही. माळावरची जुन्या मोटारींची शर्यत, वीस फेऱ्यांची. धुरळा फार उडाला म्हणून पंचांनी मध्येच फेऱ्या सतरा केल्या आणि तसं कडेला पाट्या धरून उभ्या असलेल्या गड्यांना सांगितलं. आत बसलेला माणूस फेऱ्या मोजत नाही, तो आपल्या माणसाची पाटी बघतो. सतरावी फेरी संपत आली तरी धोंडीरामची पाटी म्हणत होती, तीन बाकी. दुसऱ्या नंबरावरचा सर्जेराव त्या तीन फेऱ्यांसाठी गाडी राखत राहिला आणि समोर शर्यत संपल्याचा झेंडा पडला. मला ऐकूच आलं नाही, असं धोंडीराम म्हणाला. सर्जेरावाने ते गिळलं, पण पचलं कधीच नाही.

बाकडं हलतं. आता ती गाडीची सीट आहे, पुढे काच नाही, आणि शेजारी नुसत्या पत्र्यावर धोंडीराम मांडी घालून बसला आहे.

"खरं सांग. ऐकू आलं हुतं का न्हाई?"

"आलं हुतं."

सर्जेरावाचा जीव जळतो. पाठच्या भावासारखा मानलेला माणूस, आणि केसाने गळा कापला. तो रागाने गाडी वळवतो, तर वळणावर धोंडीरामचं स्वयंपाकघर लागतं. गाडी कुठे गेली कोण जाणे. दोघं पाटावर बसले आहेत आणि धोंडीराम बशीत चहा ओततो आहे.

"का केलंस?"

"गाडी मी बांधली, पत्रा न् पत्रा. आन् जिंकलास की तू पुण्याच्या मालकाची गाडी चालवायला जाणार, हे मला चहाच्या टपरीवर कळलं. तुझ्याकडनं न्हाई."

"शर्यत झाल्यावर सांगणारच हुतो."

"मग मी बी तुला झेंडा पडल्यावरच कळू दिलं."

फसवला गेलो तो मी, हे सर्जेराव इतकी वर्षं गावभर सांगत आला. मेल्यावर येऊन या माणसाने तेही त्याच्याकडे पुरतं राहू दिलं नाही.

"पूस तो आकडा," तो म्हणतो.

"माझा हात आता पोचत न्हाई, मर्दा," धोंडीराम म्हणतो आणि बशी पुढे करतो.

रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजतो. डोक्यावर पंखा फिरतो आहे आणि पाटी छातीवरच आहे, पण कोरी. सर्जेरावाचा उजवा तळवा खडूने पांढरा झाला आहे. तो हात विजारीला पुसायला जातो आणि मग तो तसाच, तळवा वर करून, मांडीवर ठेवून बसून राहतो.