धर्मपित्याचा शब्द

न्यूयॉर्कच्या थर्ड ॲव्हेन्यूवर, रस्त्याच्या डोक्यावरून धावणाऱ्या रेल्वेच्या एका स्टेशनात डेलिया गॅरिटीने वैधव्याची सगळी वर्षं तिकीटखिडकीत काढली. लोखंडी खांबांवर उभं स्टेशन. गाडी आली की शेजारच्या घरांतल्या कपबशा थरथरत. आत कोळशाची शेगडी होती. हिवाळ्यात गल्लीतले म्हातारे एका तिकिटावर दिवसभर शेकत बसत आणि डेलिया खुशाल डोळेझाक करी.

जिन्याच्या पायथ्याशी मॉरिट्झ ॲडलरचं शिंप्याचं दुकान. जिना उतरणाऱ्या गिऱ्हाइकांवरच त्याचं पोट. डेलियाच्या लेकीचा, नोराचा, लग्नाचा झगा आपणच शिवणार, हे त्याने ती पोर परकरात असतानाच ठरवून टाकलं होतं.

ही रेल्वे बंद करून स्टेशन पाडणार म्हणून कळलं, तशी अख्खी गल्ली पालिकेच्या सभेत विरोध करायला निघाली. आदल्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर एमेट फिट्झसिमनने डेलियाला गाठलं. हा पक्षाचा वॉर्डातला माणूस, तिच्या नवऱ्याचा जिवलग दोस्त आणि नोराचा धर्मपिता.

"वहिनी, लोकांना घरी बसवा. आधी जमिनीखालची गाडी सुरू होणार, मगच हिला हात लागणार. तुमची तिकीटखिडकीही तिथे खाली येतेय. माझा शब्द!"

डेलियाने खिडकीतून एकेकाला तेच सांगितलं.

"लेखी घ्या, डेलियाबाई," ॲडलर म्हणाला.

"अहो मास्तर, बाप्तिस्म्याला माझी पोर त्याच्या हातावर होती! त्याच्याकडे कागद मागू? आमच्यात याहून मोठी शिवी नाही."

"आमच्यात कागद नव्हता म्हणूनच बापाचं घर गेलं," मास्तर पुटपुटला. पण तिच्या भरवशावर तोही सभेला गेला नाही.

सभा ओस पडली. कुणाचाच विरोध नाही म्हणून ठराव झटक्यात झाला. वर्षाच्या आत गाडी थांबली, खांब कापले गेले. जमिनीखाली मात्र एक कुदळसुद्धा पडली नाही.

"वरचे लोक फिरले हो वहिनी, मी पामर काय करणार?" फिट्झसिमन म्हणाला. पामराला तोवर पालिकेत खुर्ची मिळाली होती. मेल्याने केसाने गळा कापला. आणि खरं दुखलं ते हे, की सुरी त्याने डेलियाच्याच हातात दिली होती. गल्लीतले लोक तिला पाहून रस्ता ओलांडू लागले. रस्त्यावर आता लख्ख ऊन पडत होतं, पण जिनाच नाही तर गिऱ्हाईक कुठलं? ॲडलरने मशीन विकलं आणि कुणाचा निरोप न घेता तो गेला.

नोराचं लग्न विकतच्या झग्यात झालं. चर्चच्या दारात फिट्झसिमन फूल खोचून हजर.

डेलिया आडवी उभी राहिली. "बोलावणं लेखी आहे का?"

तो खो खो हसला. "वहिनी, मी तिचा धर्मपिता!"

"म्हणूनच विचारतेय."

त्याला वाटलं, थट्टा आहे. तिचा खांदा थोपटून तो आत गेला आणि पहिल्या बाकावर बसला. ॲडलरसाठी राखलेली जागा तीच होती.