पाच गाड्यांची गाडी

लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलेलं, मूठ कानाला, आणि दुसरा हात वर. म्हणजे सगळ्यांनी गप्प बसायचं. तो हात खाली आला की समजायचं, गाडी बरोबर झाली. तोवर कोणी खोकलं तरी मामा डोळे वटारत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांच्यासमोर आपला आवाज आपोआप खाली येतो.

मामा तसे आमच्यापैकी कोणाचेच मामा नव्हते. मूळचे दिघीचे. उमेदीची सगळी वर्षं एका कारखान्यात प्रेस शॉपला, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या गोंगाटात गेली, आणि तो बंद पडल्यावर त्यांनी कासारवाडीत रेल्वेलाइनच्या कडेला पत्र्याची शेड टाकली. मागे दोन खोल्यांत ते आणि मामी राहत. शेडमध्ये ते जुन्या मोटारसायकली पुन्हा उभ्या करत. त्या गाड्यांचे सुटे भाग कधीच मिळेनासे झालेत, त्यामुळे एकीची टाकी दुसरीला आणि तिसरीचं चाक चौथीला, असा सगळा संसार. मी चाकणला एका कंपनीत तपासणी विभागात आहे. आठवडाभर एकाच मापाचे भाग हातातून जातात, रात्री झोपेतही तेच जातात. रविवारी मामांकडे कशाचं माप कशाला जुळत नसे, तरी गाडी पळायची. मी बहुतेक त्यासाठीच जात होतो.

त्यांची स्वतःची गाडी तर बारा गावचं पाणी प्यालेली. सांगाडा दिघीतल्या एका दूधवाल्याचा. टाकी एका खानावळवाल्याने शोभेला भिंतीवर टांगली होती, ती. इंजिन चाकणच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यातलं, चाकं एका रसवंतीवाल्याची, आणि कार्बोरेटर माझ्या वडिलांच्या मोडीत निघालेल्या गाडीचा. हे सगळे रविवारी शेडमध्ये जमत, आणि मामा त्या भागांना माणसांच्याच नावाने ओळखत. टाकी ठिबकली की म्हणायचे, "खानावळवाला गळतोय आज." मला बघून एकदा गंभीरपणे म्हणाले, "तुझा बाप लई पेट्रोल पितोय रं." माझे वडील आयुष्यात सुपारीसुद्धा न खाल्लेले. मी घरी जाऊन आईला सांगितलं, तर ती किती दिवसांनी हसली.

अशी गाडी कुठल्याच पुस्तकात नसते. ती कानानेच लावावी लागते. आणि मामांचे कान प्रेस शॉपने हळूहळू खाऊन टाकले होते.

आमच्या ते लक्षात आलं गाडीमुळे, म्हणजे आगगाडीमुळे. लोकल धडधडत गेली की शेडमध्ये सगळे आपोआप बोलायचे थांबत. पुढे पुढे मामा थांबेनासे झाले. त्यांचं बोलणं तसंच चालू, ओठ हलताहेत, आम्ही माना डोलावतोय. त्यांना कोणी काही म्हणालं नाही. काय म्हणणार?

मग मामा माझ्यासाठी जुळवत होते ती गाडी तयार झाली. रविवारी सगळे जमले होते. मामांनी इंजिन सुरू केलं, मूठ कानाला लावली, बराच वेळ ऐकलं आणि हात खाली आणला. आतून बारीक टकटक येत होती. मी ऐकली, दूधवाल्याने ऐकली, खानावळवाल्याने तर मान तिरकी केली. पण मामांचा हात खाली आला होता, म्हणजे चूक आमच्याच कानांत असणार. आम्ही तिघांनीही "झकास" म्हटलं. चाकणच्या वाटेवर, मोशीच्या पुढे इंजिन जाम झालं.

मामा स्वतः टेम्पो घेऊन आले. इंजिनवर तळवा ठेवून त्यांनी विचारलं, "वाजत हुतं का?"

मी मान डोलावली.

"मग बोलला का न्हाई?"

"तुम्ही हात खाली केला होता." रस्त्यावर ट्रकांची रांग चालली होती. मला ते वाक्य दोनदा ओरडून सांगावं लागलं. लोक बघायला लागले.

माझी गाडी त्यांनी दुसऱ्याकडून नीट करून घेतली. मग स्वतःची खोलली आणि एकेक भाग पेट्रोलमध्ये धुऊन ज्याचा त्याला परत दिला. दूधवाला हातापाया पडला, ठेवा म्हणाला, मी तरी चालवतो म्हणाला. मामा म्हणाले, "बिघडली तर तुला कळंल, मला न्हाई कळायचं." माझा कार्बोरेटर वर्तमानपत्रात गुंडाळून आला. मी तो कपाटावर ठेवला.

थंडीत मामा गेले. फोन आला तेव्हा मी कामावर होतो. समोरचे भाग तपासून झाल्यावर निघालो. घाटावर उभा राहिलो, परत येऊन जेवलो, दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. मला काहीच वाटत नव्हतं. आजही नीटसं वाटत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते.

तेरावं झाल्यावर कोणीतरी म्हणालं, मामांची गाडी उभी करू. पुढच्या रविवारी पाचही जण आपापले भाग घेऊन शेडमध्ये आले. संध्याकाळ झाली, पण सगळं बसलं. गाडी सुरूही झाली. आम्ही हसून एकमेकांकडे पाहिलं.

मामी दारात आल्या. हाताला पीठ होतं. थोडं ऐकून म्हणाल्या, "अशी न्हवती वाजत."

मी कार्बोरेटरचा स्क्रू थोडा फिरवला. त्यांनी मान हलवली. मग दूधवाल्याने फिरवला, मग रसवंतीवाल्याने. इतकी वर्षं मामी त्या भिंतीपलीकडे रोज हीच गाडी ऐकत होत्या, आणि त्यांना विचारावं असं आमच्यापैकी एकालाही कधी सुचलं नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या," मामी म्हणाल्या. "च्या ठिवते."

खानावळवाल्याने पेट्रोलचा नळ बंद केला. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ चालत राहिलं. ते थांबेपर्यंत मामी दारातून हलल्या नाहीत.