म्हशीच्या तोंडापुढचा फोन

सुनेने फोन म्हशीच्या तोंडापुढे धरला, तर तिच्या श्वासाने काच धुरकटली आणि आतली डॉक्टरीण दिसेनाशी झाली. एवढी ऊब तिला तालुक्याला बसून कळली असेल का? कशी कळणार! म्हशीचं पोट डावीकडून फुगलं होतं आणि सकाळपासून तिने रवंथ केलं नव्हतं.

"आजी, जनावर आधी कधीच तपासलेलं नसेल तर फोनवर औषध सांगायचं नाही, असा नियम आहे," डॉक्टरीण म्हणाली.

नियम खोटा नाही. शेजारणीची शेळी अशाच न बघता सांगितलेल्या औषधाने गेली. हात लावल्याशिवाय औषध नाही, हे मला कबूल आहे. मग हात पाठवा. नियम करणाऱ्यांनी बघायला कोण येणार, ते सांगितलंच नाही. आमच्या वाडीला लस टोचायला वर्षातून एकदा माणूस येतो. म्हैस काही त्याचा दिवस बघून आजारी पडत नाही.

"पोरी, औषध सांगूच नकोस," मी म्हटलं. "गाडी काढ. मी फोन ठेवणार नाही."

"किती वेळ धरून बसाल, आजी?"

"तू गोठ्यात येईपर्यंत."