चारशे साक्षीदार

त्याला सगळे डासमास्तर म्हणायचे. शाळेत त्यानं एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण डासांबद्दल कुणी सहज काही विचारलं की तो असा काही मुळापासून सुरू करायचा की विचारणाऱ्याला बाकावर बसल्यासारखं व्हायचं. म्हणून मास्तर. संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, जिन्याला वळसा घालून गेलं की त्याची खोली. मांडणीवर ओळीनं पांढरे टब, टबांत वळवळणाऱ्या अळ्या, आणि त्यांच्या खाण्यासाठी डब्यात कुत्र्याच्या बिस्किटांचा चुरा. येणारा प्रत्येक जण आधी नाक मुरडायचा आणि मग बोलायचा. मास्तर म्हणायचा, वास माझा नाही, विज्ञानाचा आहे.

या संस्थेत माणूस मोजायची एक रीत होती. तुम्ही लिहिलेला लेख दुसऱ्या कुणी आपल्या लेखात संदर्भ म्हणून दिला, की तुमच्या नावावर एक जमा. त्याला सायटेशन म्हणायचं. लेख चांगला म्हणून दिला, वाईट म्हणून दिला, की न वाचताच दिला, सगळं एकाच भावात. कॉम्प्युटर मोजणार, समिती तो आकडा बघणार, आणि आकड्याप्रमाणे माणसाला खुर्ची मिळणार किंवा जिन्याखालची खोलीसुद्धा जाणार. माणसं दिवसाचं पहिलं काम म्हणून आपला आकडा बघायची, जसा आजारी माणूस ताप बघतो.

मास्तरचे बाकीचे लेख म्हणजे कुणी न विचारलेली पोरं. पण एक लेख उधळला होता. एका स्वस्त पावडरीनं पिंपातल्या अळ्या मरतात, आणि पिंपाला चिमूटभर पुरते, असं त्यात लिहिलं होतं. त्या चिमटीनं कमाल केली. देशोदेशीच्या चारशेच्या वर लोकांनी तो लेख संदर्भाला घेतला. शहराच्या आरोग्यखात्यानं तेच माप उचलून पुड्या वाटल्या. आणि आता बढतीची समिती तोंडावर आली होती. मास्तर खोलीत शीळ घालत होता, जी त्याच्या अळ्यांनीही पूर्वी ऐकली नसेल.

अशा दुपारी ताई आली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हापासून हिनंच त्याला वाढवलं. खालच्या वस्तीत तिचं इस्त्रीचं दुकान होतं. ती आत आली, मागून दारावरचा शिपाई ओरडत आला.

"हा म्हणतो पास दाखव," ताई म्हणाली. "म्हटलं, आत बसलाय ना, त्याचं नाक पुसलंय मी. मला कसला पास."

तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. "बघ. तुझे मेलेले डास कसे पोहतायत."

मास्तरनं बाटली उजेडात धरली. अळ्या मजेत वरखाली करत होत्या. "कुठलं पाणी?"

"माझ्या पिंपातलं. तुझी पुडी टाकून आठवडा होत आला."

"नीट ढवळलं नसशील."

"मी? अख्ख्या गल्लीचे शर्ट माझ्या हाताखालून जातात, एक चुणी राहत नाही, आणि मला पाणी ढवळता येत नाही?"

"मग पावडरीत भेसळ असेल. खात्यातली माणसं काय करतील नेम नाही."

"सूनबाई तापानं फणफणलीय. शेजारी दोघं अंथरुणाला खिळलीयत. भेसळ कुणी केली ते नंतर शोध. ह्या अळ्यांना मरायला काय झालंय ते आधी सांग."

ती गेली आणि मास्तरच्या अंगाचा तिळपापड झाला. चारशे शास्त्रज्ञांनी मानलेलं माप, आणि ही इस्त्रीवाली तपासायला निघाली. ताईचं तोंड बंद करायचं म्हणूनच त्यानं टब मांडले.

डास पाळणाऱ्याचं पहिलं अक्षर म्हणजे शिळं पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते पाणी एक दिवस उघडं ठेवायचं, क्लोरीन उडून जातं, मग त्यात अळ्या सोडायच्या. मास्तरनं शिळ्या पाण्याचे टब घेतले, अळ्या सोडल्या, स्वतः आणलेली चोख पावडर मापानं टाकली. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा जिवंत. तिसऱ्यांदा त्यानं दार लावून घेतलं, जणू बाहेरचं कुणी येऊन अळ्यांना फितवतंय. तरी जिवंत.

मग त्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं नळाचं पाणी थेट टबात घेतलं, क्लोरीन वाढवायला त्यात थोडी ब्लीचिंग पावडर टाकली, आणि औषध टाकलंच नाही. संध्याकाळपर्यंत टबाचा तळ मेलेल्या अळ्यांनी भरला.

तेव्हा त्यानं जुनी नोंदवही काढली. त्याला त्या लेखाचे प्रयोग केले तो हंगाम आठवला. शहराची मोठी पाइपलाइन फुटून नुकतीच जोडली होती, पाण्यात क्लोरीन सढळ सोडलं होतं, संस्थेतला चहासुद्धा पोहण्याच्या तलावासारखा लागत होता. तुलनेसाठीचे बिनऔषधाचे टब त्यानं आदल्या दिवशी भरले होते, शिळ्या पाण्याचे. औषधाच्या वेळी टब कमी पडले. नियतकालिकाला लेख पाठवायची घाई. त्यानं सकाळी नवे टब धुतले, नळाखाली धरले, आणि कामाला लागला. एका ओळीत शिळं पाणी, दुसऱ्या ओळीत ताजं. अळ्या क्लोरीननं मेल्या, नाव औषधाचं झालं. यात लबाडी नव्हती. पण वस्तीतल्या पिंपातलं पाणी शिळंच असतं.

तरी त्यानं एक आशा धरली. चारशेंपैकी कुणीतरी स्वतः करून पाहिलं असेल. तो ते लेख उघडून बसला. बहुतेकांनी पहिल्याच परिच्छेदात त्याचं नाव घेऊन पुढची वाट धरली होती. एकानं त्याच्या लेखाचा पान क्रमांक चुकवला होता, आणि पुढच्या कितीतरी जणांनी नेमकी तीच चूक उतरवली होती. म्हणजे लेख कुणी उघडलाच नव्हता. एकमेकांच्या पाटीवरून बघून लिहिणारी पोरं आणि हे, यात फरक एवढाच की यांना त्याचा पगार मिळतो.

मास्तर विभागप्रमुखांकडे गेला. सगळं सांगितलं. "सर, लेख मागे घेतो."

विभागप्रमुखांनी चष्मा काढला. "समिती कधी आहे?"

"पुढच्या आठवड्यात."

"मग मागे घ्यायला त्याच्या पुढचा आठवडा चांगला नाही का?"

"तिकडे लोक त्या मापावर विसंबलेत, सर. माझ्याच बहिणीच्या घरात ताप आहे."

"अहो, मी नको म्हणतोय का? क्रम सांगतोय." मग त्यांना हसू आलं. "आणि घाबरता कशाला? मागे घेतलात तरी आकडा खाली येत नाही. उलट आता लोक लिहितील, याचं चुकलं बरं का, संदर्भ अमुक. तेही मोजलं जाणार. तुम्ही तर आणखी वर जाल."

मास्तर हसला नाही. त्यानं त्याच दिवशी नियतकालिकाला कळवलं. उत्तर आलं की विषय पुढच्या बैठकीत घेऊ.

समितीपुढे त्यानं तोंडानंही सांगितलं. तिथे पडद्यावर त्याच्या आकड्याची रेघ डोंगर चढत होती. "हा लेख मोजू नका, तो चुकीचा आहे," तो म्हणाला. खोलीत कुणीतरी घसा साफ केला. अध्यक्षांनी विचारलं, "पण सायटेशन तर खरी आहेत ना?" ती खरी होती. वजा करायला त्यांच्या तक्त्यात रकानाच नव्हता. मास्तरला बढती मिळाली, आणि वरच्या मजल्यावर खिडकीची खोली. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, असा काय आलास, कुणी गेलं का?

खोली लावायच्या आधी तो आरोग्यखात्यात गेला. तिथले अधिकारी अदबीनं उठले, कारण पुडीवर छापलेलं माप त्याचं होतं.

"माप बदला," मास्तर म्हणाला. "ह्यानं अळ्या मरत नाहीत."

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. माप माझं आहे."

अधिकाऱ्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "हे बघा, रागावू नका. आम्ही हे माप घेतलं तेव्हा वरून विचारणा झाली होती, की आधार काय. आम्ही लिहून दिलं, चारशे शास्त्रज्ञांचा आधार आहे. आता मी वर जाऊन काय सांगू? की एक गृहस्थ येऊन नाही म्हणाले?"

"त्या चारशे जणांनी माझंच नाव घेतलंय."

"तेच म्हणतो मी. ते चारशे एकीकडे, तुम्ही एकटे एकीकडे. तुम्ही नवा लेख लिहा. त्यालाही तेवढी मान्यता येऊ द्या. मग बघू."

"तोवर तापाचं काय?"

"पुड्या वाटणं चालूच आहे," अधिकारी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

मास्तर तिथून सरळ खालच्या वस्तीत गेला. सूनबाई उठून बसली होती, पण चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा. ताईनं इस्त्री बाजूला उभी केली. "झालं का काम?"

"मला साहेब केलंय."

"पावडरीचं विचारतेय मी."

त्यानं नकारार्थी मान हलवली. ताई चपला घालत म्हणाली, "मग चल. खातं ऐकत नसेल तर गल्लीला सांगू. तुझ्या तोंडानं सांग, माझं कुणी ऐकायचं नाही."

हे सगळ्यात जड गेलं. या गल्लीला त्याचा अभिमान होता. वाटणारे लोक पुडी घेऊन आले की बायका म्हणायच्या, आमच्या पोराची पावडर. आता तो दारोदार उभा राहून सांगू लागला की ती चालत नाही, पिंप आठवड्याला रिकामं करा, घासा, कोरडं करून भरा. एकानं म्हटलं, पाणी काय तुझ्या संस्थेतून आणू? एक पोरगी म्हणाली, "मग किती टाकायची ते तरी सांगा, मामा. दुप्पट? तिप्पट?"

"मला अजून माहीत नाही," मास्तर म्हणाला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यानं कुणापुढे उच्चारलं नव्हतं.

शेवटचं घर कोपऱ्यावरच्या मावशीचं. तिच्याकडे नवरा आणि लेक दोघं तापात होते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन पुडी घेऊन आली आणि त्याच्या डोळ्यांपुढे धरली.

"ह्यावर माप लिहिलंय ते तुझंच ना?"

"माझंच. ते चुकलंय, मावशी."

"काल ते वाटणारे आले होते. म्हणाले, जगभरातल्या मोठमोठ्या लोकांनी पास केलंय. ते सगळे खोटे?"

"खोटे नाहीत. त्यांनी करून बघितलं नाही."

"आणि तू बघितलंस."

"बघितलं."

"तेव्हाही बघितलंच होतंस ना? ते लिहिलंस तेव्हा?"

ताई मध्ये काही बोलायला गेली. मास्तरनं तिला हातानं थांबवलं.

मावशी पिंपाकडे वळली. आत दोन माणसं कण्हत होती आणि तिला काहीतरी करायचं होतं. पिंप पालथं करायची ताकद तिच्यात नव्हती आणि पुन्हा भरायला पाणीही नव्हतं. तिनं पुडी फोडली, चिमूट भरली, त्याच्यादेखत पाण्यात सोडली आणि पळीनं नीट ढवळलं.

"निदान झाकण घट्ट लाव, डास बाहेर तरी पडणार नाहीत," मास्तर म्हणाला. मग तोच पुढे झाला आणि ते पिंपावर दाबून बसवू लागला. एका बाजूनं बसलं की दुसऱ्या बाजूनं उचलत होतं. कडेला चेमटलं होतं ते.