अर्ध्या घाण्याची सोबत

लालबागच्या मिरची गल्लीत मालन सकाळी नवालाच येऊन बसली होती, आणि अकरा वाजले तरी तिचा नंबर काही लागेना. लागेना कसला, तीच लावू देईना! मसाला कुटणारे डंकवाले बाबुराव हाक मारायचे आणि ही मागच्या बाईला म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे."

कारण मालनच्या पिशवीत मिरची अर्ध्याच घाण्याची. बाबुराव तीन किलोखाली डंक लावत नाहीत, आणि उरलेली मिरची आणायची कांताने. अठ्ठावीस वर्षं हाच रिवाज. चाळीत दोघींची दारं समोरासमोर. मालनच्या घरी बुद्धवंदना, कांताच्या घरी दीड दिवसाचा गणपती. पहिल्या वर्षी कांताच्या सासूने नाक मुरडलं खरं, पण त्या मसाल्याचं बांगड्याचं तिखलं पानात पडलं तशी म्हातारी गप्प झाली.

पुढे चाळ पाडली. मालन लेकाकडे बदलापूरला गेली, कांता नालासोपाऱ्याला. एकमेकींकडे जावं म्हटलं, तर दोन्हीकडे सुनांचा संसार! जिथे आपणच पाहुण्यासारखं राहायचं, तिथे आणखी पाहुणी कुठे बोलवा? म्हणून मे महिन्यातला पहिला मंगळवार तेवढा दोघींचा. खरं सांगायचं तर मालनच्या सुनेला पाकिटातलाच मसाला लागतो. हिचा सगळा शेजारपाजारी वाटण्यात जातो. पण कांताला हे सांगेल तर शपथ!

तेवढ्यात टोप्या घातलेली दहाबारा माणसं गल्लीचा इतिहास बघायला आली. त्यांचा गाईड सांगत होता, इथे गिरणी कामगारांच्या बायका वर्षाचा मसाला करायला येत असत.

"येत असत म्हणजे? मी काय मेले?" मालन फणकारली.

बाबुराव खो खो हसले. मालनला हसू आलं नाही. कांता असती तर त्या गाईडची धडगत नव्हती. तिची नजर सारखी गल्लीच्या तोंडाशी जात होती.

साडेअकराला आला तो कांताचा मुलगा, अजित. हातात मिरचीची पिशवी.

"मावशी, आईला बरं नाही. तिने ही मिरची पाठवलीय."

"अरे, काय झालं तिला?"

"पोटाचं दुखणं. दोन वर्षं झाली, तिखट बंद. मऊ भातावर आहे."

"दोन वर्षं? गेल्या साली तर इथे माझ्या शेजारी बसली होती की रे!"

"त्या मसाल्याचे डबे घरात तसेच आहेत, मावशी. माझी बायको, प्रिती, म्हणाली पण, आता आणखी कशाला? तर आई म्हणते, 'मालनचो घाणो अर्धो रवतलो. जा बघू तू.'"

मालनला भडभडून आलं. तिने हातानेच डोळे पुसले, आणि मिरचीचा हात तो, डोळे आणखीच झोंबले.

"लबाड मेली!" ती म्हणाली. "मला तरी कुठे हवा होता रे मसाला? मला ती हवी होती. वर्षभर ह्या एका दिवसाची वाट बघते मी."

"आजी, आता तरी घालू का घाणा?" बाबुरावांनी विचारलं.

"नको." मालनने दोन्ही पिशव्या उचलल्या आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालीस, मावशी?"

"तुझ्या घरी. बायकोला आत्ता फोन लाव. म्हणावं, मालन येतेय, चांगली चार दिवस राहायला. वेगळं काही करू नको म्हणावं. मऊ भात मलाही चालतो."